रद्द करण्यात आले आहेत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धेचे सामने काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आले आहेत.’

हे वाक्य मी माझ्या हाताने फळ्यावर लिहिले आहे. १९९४ सालच्या सप्टेंबरचा शेवट होता. बीड जिल्ह्यातल्या खेड्यांतून प्लेगच्या बातम्या येत होत्या आणि सुरतेहून तर त्याहून भयंकर. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. लोक तोंडाला रुमाल बांधून एसटीत बसत होते. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होतो. म्हणजे पोरांच्या भाषेत ‘स्पोर्ट्सचे सर’.

आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. शेतकऱ्याची मुलगी. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असायची आणि साडेसातच्या गाडीने परत गावी जाऊन, घरचे आवरून, पुन्हा अकराच्या तासाला यायची. तिने फळा वाचला आणि माझ्या खोलीत आली. म्हणाली, “सर, रद्द कुणी केली?” मी म्हणालो, “वरून आलंय.” ती म्हणाली, “वर म्हणजे कुणी?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर वरून काही आलेच नव्हते. बैठकीत चहा पिताना कुणीतरी म्हणाले होते, “प्लेगचे दिवस, मुलींची जबाबदारी कोण घेणार?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यात माझीही मान होती. मुलांच्या स्पर्धा ‘पुढे ढकलण्यात’ आल्या आणि दिवाळीनंतर झाल्या. मुलींच्या ‘रद्द करण्यात’ आल्या त्या आल्याच.

‘करण्यात आले’ हा सरकारी मराठीचा मोठा लाडका प्रयोग आहे. त्यात काम असते, कामाचा परिणाम असतो, फक्त काम करणारा नसतो. एवढी वर्षे मी हे विसरून गेलो होतो. ते आठवले २०२० सालच्या डिसेंबरात, आणि तेही एका अमेरिकेतल्या फोनमुळे.

माझी पुतणी नवऱ्यासोबत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम या शहरात राहते. तिथे ड्यूक नावाचे मोठे विद्यापीठ आहे आणि बास्केटबॉल हा तिथला जवळजवळ धर्म आहे. नाताळचा दिवस होता. इकडे आम्ही करोनामुळे घरात कोंडलेले, तिकडे तीही. ती म्हणाली, “काका, तुमच्या आवडीची बातमी आहे. ड्यूकच्या मुलींनी मोसमच बंद केला. चार सामने खेळल्या आणि म्हणाल्या, आता नाही.” मी विचारले, “मुलांचं काय?” ती म्हणाली, “मुलं खेळतायत की.”

हे ऐकले आणि मी त्या विषयाच्या मागेच लागलो. जे हाती आले ते आज सांगतो.

आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हटला की शंभर-दोनशे प्रेक्षक, त्यातले निम्मे कॅन्टीनमधून उठून आलेले. अमेरिकेत तसे नाही. तिथे कॉलेज बास्केटबॉल हा टीव्हीवरचा बडा खेळ आहे. सगळ्या कारभाराची शिखर संस्था नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए. तिच्याखाली विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या विद्यापीठांच्या झोनसारखेच, पण पैशाने गब्बर. हिवाळाभर कॉन्फरन्सचे सामने चालतात आणि मार्चमध्ये देशभरातले निवडक संघ बाद फेरीची मोठी स्पर्धा खेळतात. हरला तो घरी. त्या तीन आठवड्यांत अमेरिकेतल्या कचेऱ्यांमध्ये म्हणे कामे होत नाहीत.

हा खेळच मुळी कॉलेजच्या व्यायामशाळेत जन्मला. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधला आणि लगेचच्याच काळात जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींमध्ये दोन कॉलेजांमधला पहिला सामना झाला. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. गुणफलक चुकून वाचला असे समजू नका, दोन विरुद्ध एक. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मुली पहिल्यापासून खेळत होत्या, पण एनसीएएने पुरुषांची बाद फेरी १९३९ साली सुरू केली आणि महिलांची १९८२ साली. मधली त्रेचाळीस वर्षे सहज गेली. १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असे तो सांगतो. त्यानंतर हळूहळू दारे उघडली.

आता २०२० च्या मार्चकडे येऊ. ११ तारखेला दुपारी एनसीएएचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी जाहीर केले की बाद फेरी होईल, पण प्रेक्षकांविना. त्याच रात्री व्यावसायिक संघातला रूडी गोबेर हा खेळाडू करोनाबाधित निघाला आणि व्यावसायिक लीगने आपला मोसम थांबवला. दुसऱ्या दिवशी एनसीएएने पुरुष आणि महिला, दोन्ही बाद फेऱ्या रद्द केल्या. चोवीस तासांत सगळा डाव उलटला. १९८२ पासून एकही वर्ष न चुकलेली महिलांची स्पर्धा पहिल्यांदाच झाली नाही.

आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता, यात मला शंका नाही. पण एक निर्णय झाला की त्याच्या पोटात आणखी दहा निर्णय असतात, आणि तिथे गंमत असते. ओरेगॉन विद्यापीठाची सॅब्रिना आयोनेस्कू ही त्या वर्षीची सर्वांत गाजलेली खेळाडू. २०१९ साली तिचा संघ उपांत्य फेरीत हरला, तेव्हा तिला व्यावसायिक खेळात जाता आले असते. पण काम अपुरे आहे म्हणून ती शेवटच्या वर्षासाठी कॉलेजात थांबली. २०२० च्या फेब्रुवारीत तिने कारकिर्दीतले दोन हजार गुण, एक हजार पास आणि एक हजार रिबाउंड पूर्ण केले. पास म्हणजे इथे ज्यातून बास्केट झाली तेच, आणि रिबाउंड म्हणजे फळीवरून परतलेला चेंडू पकडणे. हे तिन्ही एकत्र साधणारी कॉलेज बास्केटबॉलमधली ती पहिली, मुलगे धरूनसुद्धा. आणि मग बाद फेरीच झाली नाही. साउथ कॅरोलायनाच्या मुली डॉन स्टेली यांच्या हाताखाली ३२ सामने जिंकून आणि एकच हरून पहिल्या क्रमांकावर बसल्या होत्या. त्यांचेही तेच.

मार्चअखेर एनसीएएने ठरवले की ज्यांचा मोसम नुकता सुरू होऊन बुडाला त्या वसंत ऋतूतल्या खेळांच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून द्यायचे. बास्केटबॉल हिवाळी खेळ, त्यांचा मोसम ‘जवळजवळ संपला होता’, म्हणून त्यांना नाही. हिशेब चुकीचा नव्हता. पण ज्या तीन आठवड्यांसाठी वर्षभर घाम गाळायचा तेच तीन आठवडे गेले, आणि कागदावर मोसम पूर्ण झाला. पुढच्या, म्हणजे २०२०-२१ च्या खेळाडूंना मात्र वाढीव वर्ष मिळाले. २०२० ची शेवटच्या वर्षाची तुकडी दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडली.

पुढचा मोसम २५ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाला, तेव्हा लस आलेली नव्हती. मग खेळवायचे कसे? एनसीएएने मार्गदर्शक तत्त्वे दिली. खेळाडू, कोच आणि त्यांच्या सतत जवळ असणारी माणसे यांची आठवड्यातून तीनदा चाचणी. एकजण बाधित निघाला तर त्याच्या निकट आलेल्या सगळ्यांना चौदा दिवस वेगळे ठेवायचे. बास्केटबॉलमध्ये निकट न आलेला कोण असतो? बंद दाराआडचा हॉल, दहा जणी एकमेकींच्या अंगावर श्वास टाकत धावतायत, बाकावर पाच-सात खांद्याला खांदा लावून बसल्यात. म्हणजे एकीची चाचणी आली की पंधरा जणी दोन आठवडे खोलीत. दोन आठवड्यांत चार सामने असतात. ते चारही गेले, आणि समोरच्या चार संघांचे दिवसही रिकामे झाले. कनेक्टिकटचा बलाढ्य संघ घ्या. संघाशी संबंधित एका व्यक्तीची चाचणी बाधित आली आणि मोसमाचे पहिले चार सामने पुसले गेले.

पण तत्त्वे ही तत्त्वेच. खेळायचे की नाही हे ठरवणार कोण? एनसीएए म्हणे, विद्यापीठांनी आणि कॉन्फरन्सनी ठरवावे. कॉन्फरन्स म्हणे, विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगावे. डॉक्टर स्थानिक आरोग्य खात्याचे नियम दाखवत. प्रत्येक कौंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, नियम वेगळे. आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटाने नोव्हेंबरातच सगळा हिवाळी मोसम रद्द केला आणि मोकळे झाले. उलट कॅलिफोर्नियात सांता क्लारा कौंटीने अंगाला अंग लागणाऱ्या खेळांवर बंदी घातली, तर तिथल्या स्टॅनफर्डच्या मुली बोचकी बांधून बाहेर पडल्या आणि साधारण दहा आठवडे हॉटेलांत राहून, दुसऱ्यांच्या गावी खेळत राहिल्या. त्या वणवणीतच, १५ डिसेंबरला, त्यांच्या कोच टारा व्हॅनडरव्हीर यांनी १,०९९ वा विजय मिळवून पॅट समिट यांचा महिला बास्केटबॉलमधला विक्रम मागे टाकला. आपल्या मैदानावर नव्हे, परगावी आणि प्रेक्षकांविना.

एकाच रोगाला एका कौंटीत खेळ बंद आणि शेजारच्या कौंटीत खेळ चालू, हे पाहून मला आमच्या बैठकीतला चहा आठवला. सगळेजण जबाबदार होते, म्हणजे कुणीच नव्हते.

ड्यूकची गोष्ट इथे सुरू होते. महिला संघाच्या कोच कारा लॉसन, स्वतः ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या, २०२० च्या उन्हाळ्यात तिथे रुजू झालेल्या. मुख्य कोच म्हणून पहिलाच मोसम. ९ डिसेंबरला त्यांचा संघ लुइव्हिलकडून हरला आणि सामन्यानंतर त्या पत्रकारांना सरळ म्हणाल्या की सध्या आपण खेळताच कामा नये, असे माझे मत आहे. आदल्याच रात्री त्याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचे विख्यात कोच माइक शशेव्हस्की यांनीही या सगळ्याचा फेरविचार व्हावा असे म्हटले होते. ते हरल्यावर बोलले म्हणून टीकाही झाली. हरल्यावर सत्य सुचले तरी ते सत्यच असते, पण लोकांना ते रडगाणे वाटते. पुढे ड्यूकच्या महिला संघासोबत प्रवास करणाऱ्यांपैकी दोघांच्या चाचण्या बाधित आल्या, सराव थांबला, आणि २५ डिसेंबरला विद्यापीठाने कळवले की महिला बास्केटबॉलचा मोसम इथेच संपत आहे.

त्या निवेदनातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ‘रद्द करण्यात आले’ असे तिथे नव्हते. आरोग्याच्या काळजीपोटी खेळाडूंनी हा अवघड निर्णय घेतला, असे होते. वाक्याला कर्ता होता. अठरा ते बावीस वर्षांच्या मुली होत्या त्या.

आता कुणी म्हणेल, ओझे मुलींच्या डोक्यावर टाकून विद्यापीठ हात झटकून मोकळे झाले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण कोचने आधी स्वतःचे मत जाहीरपणे सांगितले होते, नोकरी नवी असताना. मुलींच्या निर्णयामागे कुणीतरी वडीलधारे उभे होते. आणि मला वाटते जबाबदारीच्या बाबतीत एवढाच फरक असतो, कोण पुढे उभे राहते आणि कोण मुलांना पुढे करून मागे राहते.

ड्यूकपाठोपाठ १४ जानेवारी २०२१ रोजी व्हर्जिनियाच्या महिला संघाने पाच सामन्यांनंतर मोसम सोडला. १८ जानेवारीला व्हँडरबिल्टने. व्हँडरबिल्टमध्ये खेळण्याजोग्या मुलीच कमी उरल्या होत्या, आणि त्यातलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. करोनातून उठलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानावर सोडण्यापूर्वी हृदय तपासायचे, असा दंडक होता. बहुतेक ठिकाणी कार्डिओग्राम, रक्ततपासणी आणि सोनोग्राफीसारखी तपासणी होई. व्हँडरबिल्टमध्ये त्याशिवाय हृदयाचा एमआरआयही काढत. त्यांच्या एका खेळाडूच्या एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूंना सूज दिसली. ती नसती दिसली आणि मुलगी धावली असती, तर काय झाले असते ते सांगायला नको. तिने स्वतःच हे जाहीर केले. एका जास्तीच्या तपासणीचा खर्च कुणीतरी मंजूर केला होता, त्या माणसाचे नाव कुठे छापून आले नाही.

त्या हिवाळ्यात मोठ्या कॉन्फरन्समधल्या एकाही पुरुष संघाने आपण होऊन मोसम मध्येच सोडला नाही. सोडले ते महिला संघांनी. असे का? मुली घाबरट म्हणून? मुळीच नाही. कारण पैशाच्या वाटेत आहे, ती वाट थोडी समजून घ्या.

एनसीएएचा संसार चालतो तो मुख्यतः पुरुषांच्या बाद फेरीच्या टीव्ही हक्कांवर. २०२० साली ती झाली नाही तर सदस्य विद्यापीठांत वाटायची रक्कम ६० कोटी डॉलरवरून साडेबावीस कोटींवर आली. सलग दुसऱ्या वर्षी तसे होऊ देणे कुणालाच परवडणारे नव्हते. शिवाय पुरुष संघ बाद फेरीत जितके सामने खेळतो त्या प्रमाणात त्याच्या कॉन्फरन्सला वाटा मिळतो. महिला संघ अगदी विजेता ठरला तरी तेव्हा त्याबद्दल एक डॉलरही मिळत नसे. म्हणजे ड्यूकचे मुलगे थांबले असते तर अनेकांची ताटे हलली असती. मुली थांबल्या तर कुणाच्या ताटातले काही कमी होत नव्हते. म्हणून त्यांना थांबता आले. ज्यांची किंमत कमी लावली होती त्यांनाच मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता आले. आमच्या १९९४ च्या स्पर्धेलाही हेच लागू होते, फक्त उलट्या बाजूने. मुलींची स्पर्धा रद्द करायला सोपी होती, कारण तिच्यावाचून कुणाचे अडत नव्हते. तिकडे मुलींनी ती ढिलाई स्वतःच्या हातात घेतली. इकडे ती आम्ही त्यांच्यावर वापरली.

बेलर विद्यापीठाच्या तेव्हाच्या कोच किम मल्की हे या गोष्टीतले सर्वांत अवघड पात्र. जिभेने तिखट बाई. त्यांना स्वतःला करोना झाला आणि ७ जानेवारीचा बेलर विरुद्ध कनेक्टिकट हा बहुचर्चित सामना रद्द झाला. त्यातून उठल्यावर त्या म्हणाल्या की मोसम चालूच राहणार, कारण एनसीएएला पुरुषांच्या स्पर्धेतला डॉलर हवा आहे, आणि खेळाडूंच्या तब्येतीपेक्षा तो डॉलर मोठा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मार्चच्या २९ तारखेला त्याच कनेक्टिकटशी बेलरची गाठ बाद फेरीत पडली. बेलर ६७-६९ असा हरला, शेवटच्या क्षणाला पंचांनी फाउल दिला नाही म्हणून वादही झाला. आणि त्यानंतर याच मल्कीबाई म्हणाल्या की आता अंतिम टप्प्यात चाचण्या बंदच कराव्यात, एवढ्यापर्यंत आलेल्या एखाद्या मुलीची चाचणी बाधित आली तर बिचारीला खेळता येणार नाही. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही कपाळावर हात मारला. नंतर वाटले, दोन्ही वेळा बोलणारी तीच कोच आहे. पोरींची तब्येत सांभाळावी असे तिला वाटते आणि पोरींना खेळायला मिळावे असेही तिला वाटते. दोन्ही वाटणे प्रत्येक स्पोर्ट्सच्या सरांच्या पोटात असते. फक्त चाचणी न करणे म्हणजे आजार नसणे नव्हे. थर्मामीटर फोडल्याने ताप उतरत नाही. तिथे त्या चुकल्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२१ ची बाद फेरी पुरुषांसाठी इंडियाना राज्यात, मुख्यतः इंडियानापोलिसला, आणि महिलांसाठी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ भागात ठेवली. सगळ्यांना एका जागी आणून बाहेरच्यांपासून तोडायचे, अशी कल्पना. इथे दोन्ही ताटे शेजारी शेजारी मांडली गेली आणि फरक उघडा पडला. मुलग्यांना व्यायामाला भलामोठा हॉल, ओळीने लोखंड. मुलींना हलक्या डंबेल्सची एक घडवंची आणि योगासनांच्या चटया. मुलींसाठी जागा नव्हती असे सांगण्यात आले. हो, ‘सांगण्यात आले’. ओरेगॉनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने मोबाइलवर चित्रण करून मागची रिकामी जागा दाखवली आणि देशभर बोभाटा झाला. दोन दिवसांत सामान आले.

व्यायामाच्या सामानाची चर्चा फार झाली. त्याहून गंभीर गोष्ट चाचण्यांची होती, ती मागे पडली. मुलग्यांची रोज पीसीआर चाचणी होत होती आणि मुलींची रोज अँटिजेन. हे कनेक्टिकटचे कोच जीनो ऑरिएमा यांच्या बोलण्यातून जगाला कळले. आपण सगळ्यांनीच करोनात या दोन्ही चाचण्या नाकातून अनुभवल्या आहेत. अँटिजेन झटपट आणि स्वस्त, पीसीआर महाग पण अधिक अचूक. दोन्ही पद्धती पुरेशा सुरक्षित आहेत, असे एनसीएएचे म्हणणे. असतीलही. मग दोन्हीकडे एकच का नव्हती, याला उत्तर नाही.

गंमत अशी की त्याच मार्चच्या ११ तारखेला, बरोबर वर्षाने, ड्यूकच्या पुरुष संघातही चाचणी बाधित आली आणि त्यांना आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. त्यांचाही मोसम संपला. मुली डिसेंबरात स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेल्या, मुलगे मार्चमध्ये उचलून नेले गेले. बाद फेरीत तर २० मार्चला व्हर्जिनिया कॉमनवेल्थचा पुरुष संघ चाचण्यांमुळे बाद झाला आणि समोरच्या ओरेगॉनला न खेळता पुढे चाल मिळाली.

आणि ती तारीख. ४ एप्रिल २०२१. स्टॅनफर्डच्या त्या वणवण फिरलेल्या मुलींनी ॲरिझोनाला ५४-५३ असे एका गुणाने हरवून विजेतेपद मिळवले, १९९२ नंतर पहिल्यांदा. बरोबर सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांच्याच विद्यापीठाने तो २-१ चा सामना एका गुणाने जिंकला होता. कुणी ठरवून केलेले नाही, पण माझ्यासारख्या तारखा जपणाऱ्या माणसाला अशा योगायोगाने दोन दिवस झोप गोड लागते.

जबाबदारीचा प्रश्न पुढच्या वर्षी नियमांच्या पुस्तकात शिरला. २०२१ मध्ये लस सर्वत्र मिळू लागली. तेव्हा बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सनी फर्मान काढले की पुरेसे खेळाडू उभे करता आले नाहीत तर आता सामना ‘रद्द’ नाही, तो तुम्ही ‘हरलात’. समोरच्याला पुढे चाल. अर्थ उघड होता. लस उपलब्ध आहे, घेतली नाही तर दोष तुमचा. पहिल्या वर्षी आजार हे दैव होते, दुसऱ्या वर्षी तो गुन्हा झाला. पण डिसेंबरात ओमायक्रॉन आला. लस घेतलेल्या मुलीही पटापट आजारी पडू लागल्या, आणि त्याच महिन्यात एकामागून एक कॉन्फरन्सनी नियम मागे घेतला. साधारण सात खेळाडू आणि एक कोच उभे राहू शकत असतील तर खेळा, नसतील तर सामना पुढे ढकला किंवा ‘झालाच नाही’ असे धरा. विषाणूला दोष लावायचा की माणसाला, हे ठरवायला नियमपुस्तकाला सहा महिनेही पुरले नाहीत.

तेव्हापासून चित्र बरेच पालटले. व्यायामशाळेच्या बोभाट्यानंतर एनसीएएने बाहेरच्या वकिलांच्या कंपनीकडून चौकशी करून घेतली. ऑगस्ट २०२१ च्या त्या अहवालाने एनसीएएच्याच पदरात माप टाकले. महिलांच्या स्पर्धेची बाजारातली किंमत वर्षानुवर्षे कमी धरली गेली, असे त्यात म्हटले होते. २०२२ पासून महिलांच्या बाद फेरीतही पुरुषांइतकेच ६८ संघ खेळू लागले. २०२४ सालचा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला आणि पहिल्यांदाच पुरुषांच्या अंतिम सामन्याला मागे टाकले. २०२५ पासून बाद फेरीत खेळलेल्या सामन्यांसाठी महिला संघांच्या कॉन्फरन्सलाही पैसे मिळू लागले.

चांगलेच झाले. फक्त माझी पुतणी परवा फोनवर म्हणाली, “काका, आता उद्या असं काही आलं, तर ड्यूकच्या मुलींना तसं थांबता येईल का?” कारा लॉसन अजून तिथेच आहेत. २०२५ साली त्यांच्या संघाने कॉन्फरन्सचे विजेतेपदही मिळवले. मी पुतणीला म्हटले, “आता त्यांच्या ताटाला किंमत आली आहे, तेव्हा त्यांचं ‘नाही’ महाग पडेल.” ती म्हणाली, “म्हणजे?” मी म्हटले, “म्हणजे विचारणारे वाढतील.”

या भाषणाची तयारी करताना मी जुन्या कॉलेजात जाऊन आलो. जिमखान्याचे अहवाल अजून एका लोखंडी कपाटात आहेत. एनसीएएच्या विजेत्यांच्या यादीत २०२० पुढे स्पर्धा करोनामुळे झाली नाही असे निदान लिहिलेले असते. मी १९९४-९५ चा अहवाल काढला. बास्केटबॉल, पुरुष : उपविजेते. बास्केटबॉल, महिला : निरंक. प्लेगचा उल्लेख नाही, स्पर्धा झाली नाही असाही नाही. कुणी वाचले तर वाटेल की त्या वर्षी आमच्याकडे मुलींचा संघच नव्हता.

पानाच्या खाली सही माझी आहे.